जीपच्या मागच्या एक्सलला ट्रॅक्शन बार: घरी बनवा, पण पुढचं टोक मोकळं ठेवा

पाटे (लीफ स्प्रिंग) एक्सलच्या खालून काढून वर चढवले की जीप उंच होते, मोठे टायर बसतात, पोटाखालून दगड निघून जातो. पण त्याबरोबर एक दुखणंही गाडीत येतं. लो गिअरमध्ये चढावर क्लच सोडला की मागची चाकं जागेवर उड्या मारायला लागतात, सगळी बॉडी हादरते, आणि कधीतरी शाफ्टचा क्रॉस (इंजिनाचा जोर एक्सलकडे नेणाऱ्या शाफ्टच्या टोकाचा सांधा) तुटतो. मग भारीतला क्रॉस येतो, तोही जातो. माझ्याकडे अशा जीपा येतात तेव्हा मी आधी क्रॉस बघतच नाही, पाटे बघतो. एक्सल जागेवर पिळला जातोय आणि क्रॉस फक्त त्याची किंमत मोजतोय, असंच बहुतेक वेळा निघतं.

यावर उपाय म्हणजे ट्रॅक्शन बार. दहा चाकी टिपरच्या मागच्या बोगीखाली वाकून बघा, एक्सलपासून चेसिसकडे जाणारे जाड टॉर्क रॉड दिसतील. काम तेच: एक्सलचा पीळ पाट्यांवर न टाकता चेसिसवर नेणं. जीपसाठी असा बार बाजारात सहज मिळत नाही, पण वेल्डर, लेथवाला आणि थोडा धीर असेल तर बनवता येतो. मी जे लिहितोय ते महिंद्राच्या एमएम ५४० जीपवरच्या कामाचं आहे. मापं तुमच्या गाडीची तुम्हीच घ्यायची.

पीळ येतो कुठून

चाक जमिनीला मागे रेटतं तेव्हा एक्सलचं हाउसिंग (बाहेरचं कवच) उलट दिशेला फिरू पाहतं. गाडी पुढे जाताना डिफ्रेन्शियलचं नाक, म्हणजे शाफ्ट जोडतो ती पिनियनची बाजू, वर उचलली जाते. तिला अडवायला पाट्यांशिवाय कोणीच नसतं. एक्सलच्या पुढचा पाटा वर फुगतो, मागचा खाली दबतो, बाजूने पाहिलं तर अख्खा पाटा नागमोडी होतो. टायरची पकड सुटली की पाटा झटक्यात सरळ होतो, टायर पुन्हा जमीन धरतो, पुन्हा पीळ. उड्या त्यातूनच येतात.

पाट्यावर किती पीळ येतो याचा हिशेब सोपा आहे. टायर जमिनीला जितक्या जोराने रेटतो तो जोर, गुणिले जमिनीपासून पाट्याची उंची. ३१ इंची टायरवर, गाडीच्या वजनाने टायर दबल्यावर, एक्सलचं केंद्र जमिनीपासून साधारण ३७० मिमी येतं. पाटे एक्सलच्या खाली असतील तर ते केंद्रापासून ७५ मिमी खाली, म्हणजे जमिनीपासून २९५ वर. तेच पाटे वर चढवले की ४४५ वर. इंजिन तेच, टायर तेच, पाटे तेच, आणि पीळ दीडपट. पाट्याखाली ठोकळे घालून गाडी उंच करणाऱ्यांनीही हाच हिशेब करून बघावा.

आता जोर किती? चढावर मागच्या एक्सलवर हजार किलो वजन आलंय असं धरा. कोरड्या कातळावर टायर त्यातल्या नऊशे किलोपर्यंत जोर लावू शकतो. ९०० गुणिले ०.४४५, म्हणजे ४०० किलोग्रॅम-मीटर पीळ. 'इंजिन तर एवढंसं, त्याला कशाला बार' असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. पण लो रेंजच्या पहिल्या गिअरमध्ये हे एवढंसं डिझेल इंजिनसुद्धा टायर घसरवतं. पीळ किती येणार हे इंजिन ठरवत नाही, टायरची पकड ठरवते. हा ४०० चा आकडा लक्षात ठेवा, पुढे सगळीकडे लागणार आहे.

आधी गाडी तपासा

बार लावायच्या आधी दुसरं काही सैल नाही ना हे बघायलाच हवं. यू-बोल्ट ढिले, सेंटर बोल्ट कापलेला, मूळ पाट्याला (गठ्ठ्यातला मुख्य पाटा, ज्याच्या टोकांना डोळे म्हणजे गोल कड्या असतात) तडा, पुढच्या डोळ्यातला बुश खाऊन गेलेला, इंजिनाचे माउंटिंग फाटलेले: यातल्या कशानेही चाक उड्या मारतं, आणि बार लावून ते झाकलं जातं. झाकलेलं दुखणं जंगलात बाहेर येतं.

मग पीळ डोळ्यांनी बघा. इथे बहुतेक जण पायाचा ब्रेक दाबून क्लच सोडतात आणि 'काही पिळत नाही' म्हणून मोकळे होतात. मागच्या चाकाचा ब्रेक एक्सलच्या हाउसिंगवरच बसलेला असतो. त्याने चाक धरून ठेवलं तर इंजिनाचा पीळ आणि ब्रेकचा पीळ हाउसिंगमधल्या हाउसिंगमध्ये एकमेकांना मारतात, पाट्यापर्यंत काही पोचत नाही. जुन्या जीपांचा हँडब्रेक तर शाफ्टवरच असतो, तोही इथे कामाचा नाही. म्हणून गाडी जमिनीच्या पकडीवरच अडवावी लागते. पुढची चाकं फूटभर उंचीच्या पक्क्या दगडी पायरीला टेकवा, फोर बाय फोर काढून ठेवा, ब्रेकवर पाय नको, आणि पहिल्या गिअरमध्ये हळू क्लच सोडा. फोन बाजूला एका विटेवर ठेवून व्हिडिओ घ्या. गाडीच्या पुढे-मागे कोणी उभं राहायचं नाही आणि खाली कोणी वाकायचं नाही.

पिनियनच्या तोंडावर खडूने एक रेघ मारून ठेवली तर व्हिडिओत कोन सहज कळतो. तीन-चार अंशांपर्यंत नाक उचललं जात असेल तर मी गाडी तशीच ठेवायला सांगतो. सात-आठच्या पुढे गेलं की बार लावायचा.

कसला बार

अमेरिकेत पिकअपवाले दोन्ही बाजूंना पाट्याला समांतर असा एकेक लांब रॉड लावतात. सरळ रस्त्यावर जड ट्रेलर ओढायला ते ठीक. आपल्याकडे राधानगरीच्या किंवा आंबोलीच्या बाजूला जांभ्यातून जाताना एक चाक खड्ड्यात आणि दुसरं दगडावर असतं. एक्सल तिरका व्हायलाच हवा. एक्सलला घट्ट बसवलेले दोन बार लावले तर ते त्याला तिरका होऊ देत नाहीत, आणि तेवढा जोर ब्रॅकेटच्या वेल्डिंगवर येतो. म्हणून एकच बार, डिफ्रेन्शियलला लागून, एक्सलची ज्या बाजूची नळी लांब आहे त्या बाजूला.

बारचा आकार लांबट त्रिकोणाचा. मागे एक्सलला वर आणि खाली असे दोन बोल्ट, बारच्या दोन्ही नळ्या पुढे एका टोकाला जुळलेल्या. पुढचं टोक थेट चेसिसला बांधायचं नाही, शॅकलवर (दोन बोल्टांमधल्या झुलत्या कडीवर) टांगायचं. या साऱ्या कामात माझा एकच हट्ट आहे, तो हा. पाटा दबला की लांब होतो आणि एक्सल थोडा मागे सरकतो. बार मात्र आपल्या लांबीचाच राहतो. पुढचं टोक चेसिसला पक्कं केलं तर एक्सल कुठे असावा यावर पाटा आणि बार भांडायला लागतात, आणि त्या भांडणात पाट्याचा डोळा तरी फाटतो नाहीतर ब्रॅकेट तरी उपटतो. एक्सल जागेवर धरायचं काम पाट्याचं, पीळ अडवायचं काम बारचं. शॅकल असेल तर बारचं टोक पुढे-मागे मोकळं सरकतं आणि वर-खाली मात्र अडतं. आपल्याला नेमकं तेवढंच हवंय.

पुढचं टोक कुठे यावं? शक्यतो शाफ्टचा ट्रान्सफर केसकडचा (पुढच्या-मागच्या एक्सलला जोर वाटणाऱ्या पेटीकडचा) क्रॉस जिथे आहे, बाजूने पाहता त्याच्या जवळपास. मग चाक वर-खाली झालं तरी पिनियनचं नाक शाफ्टच्या रोखातच राहतं आणि मागच्या क्रॉसवर वाकडा कोन येत नाही. छोट्या जीपमध्ये शाफ्टच आखूड असतो, त्यामुळे एक्सलच्या मध्यापासून पुढच्या बोल्टपर्यंत साधारण ८५० मिमी मिळतात.

आता तो ४०० चा आकडा घ्या. ४०० भागिले ०.८५, म्हणजे पुढच्या टोकावर ४७० किलो. झटक्यांसाठी तिप्पट धरला तर १,४०० किलो. मागे मात्र दोन बोल्टांमधलं उभं अंतर जेमतेम १८० मिमी मिळतं. ४०० भागिले ०.१८, म्हणजे प्रत्येक बोल्टवर सव्वादोन टन, आणि झटक्याला साडेसहा टनांच्या वर. सगळे जण पुढचं टोक मजबूत करत बसतात. खरा भार मागच्या ब्रॅकेटवर असतो.

मोजमाप

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या. गाडी सपाट फरशीवर घ्या, पुढच्या चाकांना ओट (अडसर) लावा, चेसिस लोखंडी घोड्यांवर टेकवा आणि एक्सलखाली जॅक ठेवा. पाट्यांचे गठ्ठे सोडून दोन्ही बाजूंना फक्त मूळ पाटा ठेवा आणि यू-बोल्ट पुन्हा आवळा. म्हणजे जॅकने एक्सल पूर्ण वर आणि पूर्ण खाली हलक्या हाताने नेता येतो.

आता ६ मिमी जाडीच्या पट्टीचा एक खोटा बार करा आणि एक्सलवर शिकंज्याने धरा. तो पुढे जिथे येतो तिथे चेसिसवरून ओळंबा सोडा. एक्सल २५-२५ मिमी वर-खाली करत जा आणि दर वेळी पट्टीचं टोक ओळंब्याच्या दोऱ्यापासून किती पुढे-मागे गेलं ते पट्टीवरच खडूने लिहा. नंतर एक बाजू वर, दुसरी खाली करून एक्सल तिरका करा आणि पुन्हा बघा. शाफ्ट, सायलेन्सरचा पाइप, ब्रेकची नळी यांपैकी काही लागतंय का हेही आत्ताच कळतं. एका बाजूला गुडघ्यावर बसून नुसता दोरा आणि पट्टी बघत राहिलं तरी एक्सलची चाल जशी समजते तशी कुठल्याही चित्रातून समजत नाही.

एमएम ५४० ला टोकाची सरक एकूण ५० मिमीच्या आत येते, म्हणजे मधल्या जागेपासून दोन्हीकडे पंचवीस. त्यासाठी बोल्टच्या मध्यापासून मध्यापर्यंत १०० मिमीची शॅकल पुरते. ती दोन्हीकडे पंधरा अंशांच्या आतच झुकते. गाडी आपल्या वजनावर सपाट उभी असताना शॅकल ओळंब्यात असली पाहिजे. तुमची सरक जास्त आली तर शॅकल लांब घ्या. आखूड शॅकल आडवी पडते आणि मग ती अडकवून धरते.

सामान

नळी फर्निचरवाल्याकडची नको. शेड्यूल ८० ची सीमलेस पाइप मागा. खालच्या मुख्य नळीला दीड इंची, म्हणजे ४८.३ मिमी बाहेरचा व्यास आणि ५ मिमी जाडी. वरच्या नळीला सव्वा इंची, ४२.२ मिमी. मागच्या ब्रॅकेटला १० मिमी एमएस (साध्या पोलादाची) प्लेट, शॅकलला ८ मिमी. बोल्ट सगळे एम १६, ८.८ ग्रेडचे, नायलॉक नटसह. बोल्टचा गुळगुळीत भाग प्लेटमध्ये आला पाहिजे, आटे नव्हे. मागच्या दोन जागी आणि शॅकलच्या वरच्या टोकाला रबरी बुश, त्यांच्यासाठी डोळे लेथवर बुशच्या मापात कापून घ्यायचे. आमच्या कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात हे काम सांगायची फुरसत, करून मिळतं.

बारच्या पुढच्या टोकाला मात्र रबरी बुश नको, तिथे एम २० चा रॉड एंड (गोळीचा सांधा) बसवा. एक्सल तिरका होतो तेव्हा बारही आपल्या अंगावर वळतो, आणि ते वळणं गोळीच्या सांध्यालाच झेपतं. स्वस्तातला घेऊ नका. तक्त्यात दिलेली स्थिर क्षमता चार टनांच्या खाली असेल तर परत करा.

जुळणी आणि वेल्डिंग

चेसिसकडून सुरुवात करा. शॅकल टांगायला चेसिसच्या दोन दांड्यांमध्ये ६० बाय ६० बाय ५ मिमीची चौकोनी नळी आडवी घाला. तिच्या दोन्ही टोकांना ६ मिमी प्लेट, आणि दर बाजूला चार एम १२ बोल्ट. चेसिस जिथे बंद पेटीसारखी आहे तिथे बोल्टच्या आत नळीचा तुकडा घाला, नाहीतर आवळताना चेसिस चेपते.

मागच्या ब्रॅकेटच्या दोन प्लेटा आधी पुठ्ठ्यात कापा, एक्सलच्या नळीवर अर्धा गोल नीट बसेपर्यंत. खालचा बोल्ट डिफ्रेन्शियलच्या पोटापेक्षा खाली जाऊ देऊ नका. जे खाली लोंबतं ते दगडाला भेटतं.

नळ्यांची टोकं एकमेकांवर बसतील अशी माशाच्या तोंडासारखी कापा, फट दोन मिमीच्या वर नको. वरची नळी खालच्या नळीला पुढच्या रॉड एंडच्या जितकी जवळ मिळेल तितकी चांगली. पुढे एकटी नळी १२० मिमीपेक्षा जास्त बाहेर राहिली तर १,४०० किलोच्या झटक्याला ती वाकते. बार मध्यावर धरून एका हाताने उचलता येईल इतकाच जड होतो, त्यामुळे इथे चार तुकडे कमी करून वजन वाचवायला जाऊ नका.

सगळं आधी फक्त टॅक (वेल्डचे छोटे ठिपके) मारून उभं करा. गाडी आपल्या वजनावर, पाट्यांचे सगळे गठ्ठे परत घालून, पिनियनचा रोख ट्रान्सफर केसच्या शाफ्टला समांतर. नाक समांतरापेक्षा एखादा अंश खाली असलं तर उत्तम, जोर आला की बुश दबून ते बरोबर येतं. मग पुन्हा एकदा एक्सल पूर्ण चालीत फिरवून बघा. कुठे अडत नसेल तरच पक्कं वेल्डिंग.

एक्सलवर वेल्डिंग म्हणजे नाजूक काम. बॅटरीची तार काढा, अर्थिंग एक्सलच्या नळीवरच लावा, म्हणजे करंट बेअरिंगमधून जात नाही. ब्रेकची नळी आणि डिझेलची पाइप बाजूला करा, वाळूची बादली आणि आग विझवायचा सिलिंडर जवळ ठेवा. ७०१८ चा कोरडा वेल्डिंग रॉड वापरा. एका दमात लांब वेल्ड मारू नका: बोटभर इकडे, बोटभर पलीकडे, मध्ये हात लावता येईल इतकं थंड होऊ द्या. नाहीतर नळी केळ्यासारखी वाकते आणि मग एक्सल शाफ्टची बेअरिंग टिकत नाहीत. प्रत्येक प्लेट आतून आणि बाहेरून, ८ मिमीचा भराव. मधल्या ओतीव भागाला अजिबात वेल्ड करायचं नाही, फक्त नळीला.

तिथेच आणखी एक गोष्ट बघून ठेवा. एक्सलच्या नळ्या ओतीव मध्यभागात दाबून बसवलेल्या असतात. आधी पीळ दोन्ही नळ्यांत वाटला जायचा, आता बहुतेक सगळा बार असलेल्या नळीतून जाणार. नळी आणि ओतीव भाग यांच्या सांध्यावर पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ मारा. ती पुढे कधी तुटलेली दिसली तर नळी आत फिरते आहे, गाडी थांबवा.

कायद्याचं

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ खाली निर्मात्याच्या मूळ तपशिलात बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा ठामपणे सांगितलं आहे. हे काम खाजगी जागेत आणि ऑफ-रोड मैदानात चालणाऱ्या गाडीसाठी आहे. रोज रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला हात लावायच्या आधी आरटीओत विचारा. आणि वेल्डिंग स्वतःच्या हाताचं नसेल, नुकतंच शिकलेलं असेल, तर एक्सलवरचे सांधे जाणत्या वेल्डरकडून करून घ्या. ब्रॅकेट उतारावर सुटला तर बार जमिनीत रुतू शकतो.

बसवल्यावर

रबरी बुशचे बोल्ट गाडी जमिनीवर उभी असतानाच शेवटचे आवळा. हवेत आवळले तर बुश कायम पिळलेले राहून फाटतात. एम १६ ला साधारण २०० न्यूटन-मीटर. प्रत्येक नटावर रंगाची खूण.

मग तीच पायरी, तोच फोन, तीच खडूची रेघ. नाक आता अंश-दीड अंशाच्या वर उचललं जाऊ नये. जास्त उचललं जात असेल तर बुश फार मऊ आहेत किंवा आडवी चौकोनी नळी वाकते आहे, दोन्ही व्हिडिओत दिसतं. त्यानंतर रिकाम्या मैदानात एक चाक मातीच्या ढिगावर चढवून गाडी तिरकी करा आणि कान द्या. बार लागलेली जीप तिरकी होताना कुरकुरली किंवा 'टण्' असा आवाज आला तर कुठेतरी अडतंय. शॅकलचा कोन आणि रॉड एंडच्या बाजूची जागा आधी बघा.

पहिल्या चिखलाच्या फेरीनंतर सगळ्या खुणा तपासा, वेल्ड तारेच्या ब्रशने घासून टोकांना केसाएवढी भेग आहे का ते भिंगातून बघा. रॉड एंडला चिखल आणि जांभ्याची माती फार लवकर खाते. पाण्याने धुऊन वाळवा, रबरी टोपी घाला, आणि हाताने हलवल्यावर सांधा खुळखुळला की दुरुस्तीच्या भानगडीत न पडता नवा टाका.